घर आणि अंगण : काळ्या मातीवरील डांबरी वाट

जयपूरहून चाकसू, टोंकमार्गे कोट्याकडे जाताना हलकी माती मागे पडते व हाडौतीची काळी जमीन सुरू होते. वऱ्हाडातील वाचकांना तिची ओळख करून द्यावयास नको. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर फाटकापासून ओसरीपर्यंत डांबरी वाट करविणाऱ्याने डांबराच्या जाडीआधी खालच्या थराची चौकशी करावी. डांबर लवचिक खरे. परंतु ते जमिनीची हालचाल झाकते, थांबवीत नाही. वरची माती उकरून तीत चुना मिसळावा, म्हणजे तिचे फुगणे पुष्कळ कमी होते. त्यावर मुरूम व खडी पाणी मारून, रूळ फिरवून बसवावी. नेमकी येथेच काटकसर होते आणि दोन पावसाळ्यांत कडा खचू लागतात! वाटेला घरापासून बाहेर उतार द्यावा. कडेला चरही हवा.

लडाखसारख्या थंड मुलखात संकट निराळे. तेथे मुरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते व रस्ता खालून उचलला जातो. दोन्हीकडे शत्रू पाणीच. आपल्याकडे हे काम पावसाळा सरून माती वाफशावर आली की काढावे. भेगा पडेपर्यंत थांबू नये.