पाणी ओळखणारा माणूस

वऱ्हाडातल्या माणसाने मासेमारीवर लिहावे म्हणजे मालवणच्या माणसाने कपाशीच्या बोंडअळीवर बोलावे, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. आमच्याकडे समुद्र नाही. खारे पाणी मात्र हवे तेवढे आहे. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलडाणा असा खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात घेतले की समुद्राची चव कळते, मासळी तेवढी मिळत नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही मालवणला गेलो, तेव्हा माझ्या साळ्याने किनाऱ्यावर पाय ठेवताच ओंजळभर पाणी चाखले आणि जाहीर केले, "हे तं आपल्या दहीहांड्याचंच पानी!"

ज्या कारणासाठी आज लिहायला बसलो, ते त्या सहलीतच घडले. मुलांनी एक पाटी वाचली होती : रात्रीची मासेमारी, अनुभवी वाटाड्यासह. हल्ली हा प्रकार किनाऱ्यावर बराच फोफावला आहे. संध्याकाळी होडीत बसायचे, किनाऱ्यापासून फार लांब न जाता खडकांच्या आसपास गळ टाकायचे, दोन-तीन तासांनी परत यायचे. कल्पना वाईट नाही. आम्ही माणशी पैसे मोजले आणि बसलो.

'अनुभवी वाटाड्या' वीस-बावीस वर्षांचा पोरगा निघाला. हंगामापुरता आलेला, गाव त्याचे तिसरेच. होडीवर डोळे दिपवणारा दिवा, मोबाईलवर गाणी. आम्ही सात जण आणि जीवरक्षक जाकिटे दोन. तीही बाकाखाली सुतळीने अशी करकचून बांधलेली, की बुडणाऱ्याने आधी गाठ सोडावी आणि मग बुडावे. मासा एकही लागला नाही. पोरगा म्हणाला, "आज नशीब नाही साहेब." नशिबाचा प्रश्न नव्हता, हे दुसऱ्या रात्री कळले.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्या ओळखीने एक म्हातारे काका भेटले. साठी उलटलेली, जन्म होडीत गेलेला. त्यांनी पहिल्यांदा आम्हाला नकारच दिला. "आता नको. रात्री जेवान येवा," एवढेच म्हणाले. मग मी विचारले तेव्हा बोटांवर तिथी मोजून दाखवली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते : अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठला. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी सुस्त. भरती संपून ओहोटी लागते त्या वळणावर मासा खडकाशी चरायला येतो, त्याच्या आधी जाऊन बसण्यात अर्थ नाही. आदल्या रात्री आम्ही पर्यटकांच्या सोयीच्या वेळी गेलो होतो, माशांच्या नव्हे.

काकांनी होडी लावली आणि पहिली गोष्ट केली ती ही, की दिवा विझवला. मुले घाबरली. पण पाच-दहा मिनिटांत डोळे सरावले आणि खडक कुठे, फेस कुठे, किनारा कुठे, सगळे दिसू लागले. गळाची दोरी ओढली की पाण्यात बारीक ठिणग्या उठत. समुद्रातले सूक्ष्म जीव हलल्याबरोबर उजळतात. काकांनी दोरी माझ्या बोटावर गुंडाळून दिली आणि गप्प बसायला सांगितले. दोन तांबोश्या मिळाल्या. एक शेंगाळाही लागला. त्याच्या काट्याला आम्हाला हात लावू दिला नाही. तो काटा विषारी असतो, रात्रभर ठणकतो. वीतभर गोब्रा आला तो त्यांनी न बोलता परत सोडला. जाकीट मात्र होडीत पाय ठेवण्याआधीच प्रत्येकाच्या अंगावर चढले होते.

दिव्याची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण कोकणच्या किनाऱ्यावर गेली काही वर्षे जी भांडणे पेटली त्यांत दिवाच आहे. जनित्र लावून पाण्यावर झगझगीत एलईडी दिवे सोडायचे, उजेडाला भुलून गोळा झालेली मासळी लहानमोठी न पाहता जाळ्यात ओढायची. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये याला बंदी घातली. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याचे. तिथे १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा चालतो आणि २०२१ मध्ये त्यातले दंड वाढवले गेले. पर्यटकांच्या होडीवरचा एक दिवा म्हणजे ती मासेमारी नव्हे, हे मला मान्य आहे. पण दोन्हींच्या मुळाशी एकच वृत्ती दिसते. दिवा असला की पाणी ओळखण्याची गरज उरत नाही. पाणी ओळखण्याची गरज उरली नाही की ते ओळखणाऱ्या माणसाचीही उरत नाही. त्याच्या जागी कुणीही चालतो, आणि तो स्वस्तात मिळतो.

परत आलो तरी हे डोक्यातून जाईना. मग एका ओळखीच्या भोयाला गाठले. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवरचे मोठे धरण आहे. अप्पर वर्धा म्हणा, नळ-दमयंती सागर म्हणा. अमरावती शहर त्याच पाण्यावर जगते. पावसाळ्यात दरवाजे उघडले की आपण सहकुटुंब बघायला जातो, भजी खातो आणि परततो. त्या पाण्यावर रात्री कोण असते, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? मी पन्नाशी उलटेपर्यंत पाहिले नव्हते.

भोई ही पाण्याची जात. एके काळी पालखी वाहिली, नदीवर उतारू पोचवले, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरवाड्या लावल्या. धरणे झाली, नदीची वाळू गेली, डांगरवाडीही गेली. राहिली जलाशयातली मासेमारी. दिवस मावळताना डोंग्यातून जाळे सोडायचे आणि पहाटे उचलायचे. काळोखात माशाला जाळे दिसत नाही. चांदण्यात दिसते, म्हणून हा गडी अवसेच्या मागेपुढे जास्त जातो. मालवणचे काका भरतीसाठी तिथी मोजतात, आमचा भोई अंधारासाठी. पंचांग दोघांचेही तोंडपाठ.

"बापू, रातच्यानं डोयानं नाही पाहू, कानानं पाहा," तो मला म्हणाला. वारा फिरला की लाटेचा आवाज बदलतो. एवढ्या रुंद पाण्यावर वारा सुटला की लाट डोंगा उलथवू शकते, हे शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. त्याला धरण म्हणजे मोठे तळे वाटते. खाली बुडालेल्या झाडांची खुंटे आहेत, जुन्या भिंती आहेत, जाळे अडकते, डोंगाही अडकतो. त्या कुठे आहेत हे याला बापाकडून कळले. कुठल्याही नकाशावर मी ते पाहिलेले नाही.

आता धरणांवर पर्यटन आणायची भाषा सुरू झाली आहे. येईलही. पर्यटनाला माझा विरोध नाही, मी स्वतःच पैसे देऊन होडीत बसलो होतो. पण २०२१ च्या सप्टेंबरात याच अमरावती जिल्ह्यात, वरुड तालुक्यात, वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण बुडाले. तेही भरदिवसा. धार्मिक विधीसाठी जमलेले नातेवाईक होते. त्या बातमीनंतर काही दिवस आपण सारे हळहळलो. उद्या रात्रीच्या होड्या सुरू होतील तेव्हा त्या कुणाच्या हाती असतील, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

माझे उत्तर साधे आहे. वाटाड्याचा परवाना पाण्यावर जगणाऱ्या माणसाला मिळावा, पाण्याचा ठेका घेणाऱ्याला नव्हे. जलाशय ठेक्याने देण्याचे धोरण ३० जून २०१७ च्या शासन निर्णयाने बदलले, २०१९ मध्ये त्यात पुन्हा फेरफार झाले. ठेक्याची रक्कम वाढली की भोयांच्या संस्थेच्या नावाने पैसा दुसराच कुणी भरतो आणि भोई स्वतःच्या पाण्यावर मजूर होतो, ही तक्रार मी त्या एका रात्रीत तीन जणांकडून ऐकली. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा दिला, हे चांगलेच झाले. पण शेतीचा दर्जा मिळून शेतकऱ्याचे काय झाले ते वऱ्हाडाला कुणी शिकवायला नको!

कुणी म्हणेल, भोयांच्या पोरांनाच यात राहायचे नाही. खरे आहे. माझ्या वाटाड्याचा मुलगा अमरावतीत ऑटो चालवतो. डोंग्यात बसायला तयार नाही आणि त्याला मी दोष देत नाही. कटला-रोहू धरणात आपोआप वाढत नाहीत. त्यांना अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते, म्हणून दरवर्षी बोटुकली विकत आणून सोडावी लागते. त्यासाठी उधारी, मग पाऊस कमी, मग ठेक्याची रक्कम. अशा धंद्यात पोराने काय म्हणून यावे? पण रात्रीच्या दोन फेऱ्यांचे पैसे थेट त्याच्या हातात पडले, मधला माणूस गेला, तर तो विचार तरी करील. वर्षातून चाळीस-पन्नास रात्री मिळाल्या तरी पुष्कळ. पावसाळ्यात बंद ठेवावेच लागेल. समुद्रावरही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्याने कुणाचे पर्यटन बुडाले नाही. सात जणांच्या जागी चार बसवा. दिवा हाताशी असू द्या, पण विझवलेला. आणि जाकीट बाकाखाली नको, अंगावर हवे.

हे शेवटचे मी माझ्या भोयालाही सुनावले, कारण त्याच्या डोंग्यात जाकीट एकही नव्हते. तो हसला. म्हणाला, चाळीस वर्षांत लागले नाही. मी म्हणालो, तुला लागले नसेल, मला लागेल. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. पहाटे जाळे उचलले. दोन रोहू आणि एक शिंगाडा निघाला, एवढ्यात रात्रीची मजुरीही सुटत नव्हती. काठाला लागल्यावर माझी चप्पल हातात देताना तो म्हणाला, "पुढच्या खेपीले येसान तं दोन जाकिटं घेऊन येजा बापू. एक तुमाले. अन् एक लहान पाहिजे. नातू येतो मंते."