गोष्टी किती, हा प्रश्नच सोडा

लहान मुलांसाठी वाचनाचं डिजिटल व्यासपीठ करायचं ठरलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, ‘गोष्टी किती घालायच्या?’ कुणी पाचशे म्हणतं, कुणी पाच हजार. आकडा जितका मोठा तितका प्रस्ताव वजनदार. जळगाव-धुळ्यातल्या शाळांपुरतं तरी मी म्हणेन की गोष्टींचा दुष्काळ फोनवर नाहीच. ‘प्रथम बुक्स’चं स्टोरीवीव्हर 2015पासून चालू आहे. तिथल्या सचित्र गोष्टी मराठीतही आहेत, वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेल्या आहेत आणि खुल्या परवान्यामुळे त्या कुणीही उतरवून घ्याव्यात, छापाव्यात, आपल्या भाषेत आणाव्यात. बालभारतीचा ‘किशोर’ 1971मध्ये निघाला, त्याचे जुने अंक आज फुकट वाचता येतात. गुगलचं रीड अलाँग तर मुलाचं वाचन कान देऊन ऐकतं, मराठीसुद्धा. एवढं सगळं असताना नवं गोदाम बांधायचं कशाला?

‘साधन आलं की वाचन येईल’ हा पहिला पूर्वपक्ष, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धुळे जिल्ह्यानं साधन आणून दाखवलं आहे. न्यूयॉर्कमध्ये बँकिंगची नोकरी करणारे धुळ्याचेच हर्षल विभांडिक गावोगाव फिरले, लोकवर्गणीला स्वतःची भर घातली, आणि 2017च्या सुमारास जिल्हा परिषदेच्या 1,103 शाळा डिजिटल झाल्या. ज्या गावांनी वर्गणी काढली त्यांना मी हात जोडतो. पण प्रोजेक्टरवर चाळीस मुलं एकत्र पाहतात, आणि वाचावं लागतं एकेकट्याला. पडदा दाखवतो. दाखवलेलं वाचून घेण्याचं काम उरतंच. घरोघरच्या फोनचंही तसंच. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या 2024च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी सुमारे 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता आणि सुमारे 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन मुलाला कुठे नेतो हे या दोन आकड्यांत दिसतं.

मग दुसरे उठतात आणि म्हणतात, पडदा नकोच, पुस्तकच द्या. त्यांच्या बाजूला पुरावा आहे. 2018मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी 54 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कागदावर वाचलेलं अधिक समजतं असंच निघालं. पण 2021च्या दुसऱ्या एका तपासणीत, आठ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या 39 अभ्यासांत, बारीक भेद हाती लागला. नुसतं पुस्तक पडद्यावर चढवलं तर कागद जिंकतो. पडद्यावरची सोय गोष्ट समजायलाच मदत करणारी असेल, तर पडदा मागे राहत नाही. म्हणजे प्रश्न पडद्यापेक्षा त्यावर काय चढवतो याचा आहे: गोष्ट उलगडणारी सोय की गोष्टीशी संबंध नसलेले नाचरे हत्ती. शिवाय कागदवाल्यांना साक्रीकडचं ऊसतोडीला गुजरातेत जाणारं कुटुंब दिसत नाही. दिवाळीनंतर ते गाव सोडतं. शाळेचं कपाट त्याच्यासोबत जात नाही, बापाच्या खिशातला फोन जातो. त्या मुलासाठी फोन सोडून दुसरं वाचनालय कुठलं?

तिसरा पक्ष तारे आणि बिल्ले वाटणाऱ्यांचा. पाच गोष्टी वाचल्या की एक तारा, पन्नास झाल्या की मुकुट. 1973मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं बिनबक्षिसाच्या मुलांपेक्षा कमी चित्रं काढताना दिसली. मुलाला ताऱ्यांची भूक नसते. भूक असते डॅशबोर्डाला. शाळांच्या कुठल्या केंद्रात किती गोष्टी ‘वाचून झाल्या’ हे वरच्या साहेबांना रंगीत स्तंभांत पाहायचं असतं, म्हणून शिक्षकाला लिंक भरावी लागते, फोटो चढवावे लागतात. दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता एका खोलीत सांभाळणाऱ्या गुरुजींच्या हातून वाचनाचा तास जातो तो इथेच. माझी पहिली अट म्हणूनच साधी आहे: या व्यासपीठानं शिक्षकाकडे एकही आकडा मागू नये. लॉगिनही नको.

सगळ्यात हट्टी पक्ष मात्र भाषेचा. ‘अहिराणीत, पावरीत गोष्टी दिल्या तर मुलं प्रमाण मराठीत मागे पडतील.’ हे प्रेमापोटी बोलणारे पालकही आहेत, त्यांना मूर्ख ठरवून चालणार नाही. पण पहिलीतलं मूल वाचायला लागतं तेव्हा दोन कामं करतं: अक्षर ओळखतं आणि ओळखलेल्यातून ओळखीचा शब्द पकडतं. शब्दच अनोळखी असेल तर अक्षरं बरोबर लागली की नाही हे त्याला कळणार कशावरून? ‘मना बाप वावरमा शे’ (माझा बाप शेतात आहे) हे अहिराणीत फळ्यावर लिहिलं की धुळ्याकडच्या पोराला ते अर्ध्यातच उमगतं, आणि उरलेली अक्षरं तो हिमतीनं लावतो. ती हिंमत पुढे प्रमाण मराठीच्या धड्यात कामाला येते. 2011च्या जनगणनेत 18 लाखांवर लोकांची भाषा खानदेशी, म्हणजे अहिराणीसकट, नोंदली गेली. शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यातली पावरी आणखी वेगळी. ऐकणारी यंत्रं आणायची असतील तर त्यांनाही हे शिकवावं लागेल. मुलानं ‘केळी’ पाहून ‘केयी’ म्हटलं, तर त्यानं अचूक वाचलं आहे. त्याच्या घरात त्या अक्षराचा आवाजच तो आहे. तिथे लाल खूण उमटवणारं यंत्र खानदेशात नको.

आता माझा पक्ष. हे व्यासपीठ गोदाम नसावं, छापखाना असावा. मुलानं बोलायचं, शिक्षकानं तसंच टिपून घ्यायचं, दोन चित्रं जोडायची, आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट फोनवर मोठ्या अक्षरात, आवाजासकट, शिवाय एका कागदाची घडी घालून आठ पानांची पुस्तिका छापता येईल अशी तयार. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर माओरी मुलांना त्यांच्याच तोंडच्या शब्दांतून वाचायला शिकवत. त्यांचं ‘टीचर’ हे पुस्तक 1963चं आहे. पण इतकं लांब जायची गरज नाही. 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या शाळेत शिकवताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ चालवत. ते हातानं लिहिलेलं असे आणि वाचणारी मुलं लिहिणाऱ्याला ओळखत. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. घरच्यांनी ओव्या टिपून ठेवल्या म्हणून 1952मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. बोललेलं टिपून घेणं ही या मुलखाला नवी विद्या नाही.

बारीकसारीक गोष्टींत व्यासपीठाचं खरं डिझाइन असतं, पण बैठकीत त्याबद्दल कुणी बोलत नाही. पाठ्यपुस्तकात मूल देठाचा श आणि पाकळीचा ल गिरवतं; शासनाचा निर्णयही तेच रूप सांगतो. फोनवरचे बरेच फॉन्ट हिंदी वळणाचा श-ल दाखवतात. मोठ्यांना फरक जाणवत नाही, पहिलीच्या मुलाला ती दोन नवी अक्षरं वाटतात. जोडाक्षर ओळीच्या टोकाला तुटू नये. ध्वनी चालू असताना वाक्य आपोआप पुढे सरकू नये. मूल बोट फिरवेल तेव्हा सरकावं. एका फोनभोवती चार मुलं बसणार हे धरूनच अक्षर मोठं ठेवावं. आणि पाड्यावर रेंज नसते, म्हणून सगळं नेटशिवाय चाललं पाहिजे.

‘मुलांच्या गोष्टींत अशुद्ध लेखन असेल, त्याचं काय?’ असेल. शब्द मुलाचेच राहतील, शुद्धलेखन शिक्षक सांभाळेल, आणि तरीही एखादी वेलांटी चुकली तर ती लगेच सुधारता येते. छापील पुस्तकात ती सोय कुठे आहे? ‘शिक्षकाला वेळ कुठून आणायचा?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यासाठी डॅशबोर्ड काढून टाकला की निम्मा वेळ तिथेच मोकळा होईल, आणि उरलेल्यासाठी केंद्राच्या दर महिन्याच्या शिक्षण परिषदेतला एक तास द्यावा. चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातलं एक केंद्र घ्या, त्यातल्या दहा-बारा शाळा, एक शैक्षणिक वर्ष. आधी त्या मुलांच्या गोष्टी मुलांना वाचू द्या. पाच हजार गोष्टींची निविदा त्यानंतर काढा, लागलीच तर.