कसब हाती, काम कोठे?

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख सीमाभागातील वाचकांना समजावून सांगावी लागत नाही. त्याच दिवशी भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली, आणि त्याच वर्षी विजेची अवजड यंत्रसामग्री बनविण्यासाठी ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ या सरकारी कंपनीची स्थापना होऊन तिच्या कारखान्यासाठी भोपाळची निवड झाली. नवाबी थाटाचे, तळ्याकाठचे ते शहर पाहता पाहता कामगारांचे नगर बनले. कामगाराला कौशल्य शिकविले की त्याचे दैन्य आपोआप फिटते, असे अलीकडे प्रत्येक मंत्रिमहोदय व्यासपीठावरून सांगत असतात. या म्हणण्याची परीक्षा घ्यावयाची तर भोपाळकडेच पाहावे. तेथे ते खरे ठरलेलेही दिसते, आणि त्याची क्रूर थट्टा झालेलीही दिसते.

खरे कोठे ठरले? ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी जो कारखाना राष्ट्राला अर्पण केला, तेथे. ब्रिटिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याने आपली माणसे आपणच शिकवून तयार केली. ज्यांच्या घरात कोणी यंत्राला हात लावला नव्हता, अशी मुले तेथे जोडारी आणि कातारी झाली. परंतु त्यांचे भाग्य केवळ शिकण्याने उजळले, असे आम्ही मानीत नाही. शिकताना विद्यावेतन होते, शिकून झाल्यावर कायमची जागा होती, जागेला वेतनश्रेणी होती, आणि पिपलानी-बरखेड्याच्या वसाहतीत डोक्यावर छप्पर होते. शिडीची खालची पायरी शिक्षणाची होती हे खरे. पण वरच्या पायऱ्याही कोणीतरी ठोकून ठेवल्या होत्या.

पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा आला. उमेदवार घेण्याचे बंधन कारखानदारावर आले, हे उत्तमच झाले. मात्र त्याच कायद्याच्या २२ व्या कलमाने, करारात तशी अट नसेल तर, उमेदवारी पुरी केलेल्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, असेही सांगून टाकले. एका हाताने दार उघडावे आणि दुसऱ्या हाताने उंबरठ्यावर अडवावे, तशातला हा प्रकार! पुष्कळ कारखान्यांत एक तुकडी गेली की दुसरी तुकडी त्याच यंत्रांवर त्याच विद्यावेतनात उभी राहते, यात मग नवल ते काय?

त्याच शहरात युनियन कार्बाइडचा कारखाना होता. तोटा होऊ लागताच तेथे काटकसरीची कुऱ्हाड प्रथम माणसांवर आणि त्यांच्या शिक्षणावर चालली. मिक वायूच्या विभागात एका पाळीला १२ माणसे असत, ती ६ वर आणली गेली. नव्या माणसांचा प्रशिक्षणाचा काळ तोकडा झाला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री काय झाले, ते जगाला ठाऊक आहे. वायुगळतीची कारणे अनेक होती. पण कामगाराचे शिक्षण हा डोईजड खर्च मानणाऱ्यांनी ती रात्र विसरू नये.

आम्हांला अधिक बोलावयाचे आहे ते त्या रात्रीनंतरच्या भोपाळविषयी. हजारो घरांतील कर्ते पुरुष मेले किंवा वायूने त्यांची छाती पोखरून ओझे उचलण्यास निकामी झाले. हमाली, हातगाडी, गवंडीकाम यांवर जगणाऱ्या वस्त्या त्या! पडद्यात राहिलेल्या स्त्रिया कामासाठी बाहेर पडल्या. सरकारने त्यांच्यासाठी शिवणकाम व अन्य कसबांची केंद्रे काढण्याचे ठरविले. कार्यशाळा योजिल्या ५०. सुरू झाल्या ३३. आणि १९९२ पर्यंत एक सोडून साऱ्या बंद पडल्या. खास औद्योगिक क्षेत्रात २०० शेड बांधावयाच्या होत्या, त्यांपैकी १५२ बांधल्या गेल्या. २००० साली त्यांतील जेमतेम १६ अर्ध्यामुर्ध्या चालू होत्या. सुमारे ५० हजार लोकांना पर्यायी कामाची गरज होती असा अंदाज असताना सरकारी योजनेतून नियमित नोकरी लाभलेले वायुपीडित १०० सुद्धा भरले नाहीत. याला पुनर्वसन म्हणावे की पुनर्वसनाचे सोंग?

त्या स्त्रिया मात्र गप्प बसल्या नाहीत. अब्दुल जब्बार यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली. ‘खैरात नको, रोजगार हवा’ हे तिचे ब्रीद, आणि दर शनिवारी बागेत भरणारी सभा हे तिचे कार्यालय. दुसरीकडे, वायुपीडित स्त्रियांसाठी काढलेल्या लेखनसाहित्याच्या कारखान्यात रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांची १९८६ साली गाठ पडली. एक मुसलमान, एक हिंदू. दोघींनी स्वतंत्र कामगार संघ काढला आणि १९८९ साली आपले गाऱ्हाणे पंतप्रधानांपुढे मांडण्यासाठी बायकांना घेऊन त्या पायी दिल्लीला निघाल्या. सुमारे साडेसातशे किलोमीटरांची ती चाल! काही वर्षांनी वेतनवाढ पदरात पडली. कसब त्यांना कारखान्यात मिळाले; त्या कसबाचे मोल मात्र रस्त्यावर उतरून मिळवावे लागले.

आमच्या निपाणीच्या विडी कामगार भगिनीला हे नवे नाही. तिच्या बोटांतले कसब कोणत्याही संस्थेच्या प्रमाणपत्राहून पक्के आहे, तरी तिची मजुरी हजारी विड्यांच्या दरालाच बांधलेली. बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळांतही साच्याची वाळू हातात घेताच तिचा ओलावा सांगणारे कामगार आहेत. त्यांच्या या विद्येची नोंद कोणत्या कागदावर आहे?

आता भोपाळात ‘ग्लोबल स्किल्स पार्क’ उभे राहिले आहे. मध्य प्रदेशाच्या या कौशल्य प्रकल्पासाठी आशियाई विकास बँकेने २०१८ साली १५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. इमारती भव्य आहेत, यंत्रे नवी आहेत. आम्ही त्यांचे स्वागतच करतो. आमची मागणी एवढीच की, अशा प्रत्येक संस्थेने आणि आमच्या गावच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीही, किती मुले शिकून बाहेर पडली हा आकडा फलकावर लावताना त्याच्या शेजारी दुसरा आकडा लावावा: वर्षानंतर त्यांपैकी किती जण शिकलेल्याच कामावर आहेत, आणि किती पगारावर.