परांचीवाले आणि दोरवाले

बाहेरच्या भिंतीचं काम निघालं की सोसायटीच्या सभेत कुणी ना कुणी म्हणतंच, ‘खर्च झाला तरी चालेल, पण परांची बांधा. दोरीवर माणूस लटकवणं म्हणजे जिवाशी खेळ.’ ही भीती उगाच नाही. गच्चीवरच्या पाइपाला बांधलेला एकच दोर, त्याला लाकडी फळी आणि फळीवर बसून ब्रश फिरवणारा रंगारी. कठड्याच्या कोपऱ्यावर दोर घासतोय आणि त्याखाली फार तर गोणपाटाचा तुकडा. हा जिवाशी खेळच आहे. पण तो रोप ॲक्सेस नव्हे.

गुहा धुंडाळणाऱ्यांच्या तंत्रातून आलेल्या या पद्धतीत दोर दोन असतात. एकावर माणसाचा भार, दुसरा राखीव, आणि दोन्हींचे आधार वेगळे. राखीव दोरावरचं उपकरण माणसाबरोबर सरकत राहतं आणि तो घसरला की दोर घट्ट पकडतं. ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘इराटा’ संघटनेच्या पद्धतीत कामगारांच्या तीन श्रेणी आहेत. प्रशिक्षणानंतर परीक्षा होते, प्रमाणपत्र तीनच वर्षं चालतं आणि तिसऱ्या श्रेणीच्या पर्यवेक्षकाशिवाय काम सुरू होत नाही.

शिवाय परांची तरी कुठे आकाशातून उतरते? ती बांधायला आणि सोडवायलाही माणसंच वर चढतात. चार भेगा तपासायला अख्खी इमारत बांबूंनी मढवायची, तर धोका आणि खर्च दोन्ही वाढतात.

२३ ऑगस्ट २०११ च्या भूकंपात वॉशिंग्टन स्मारकाला तडे गेले. सुमारे १६९ मीटर उंचीच्या त्या दगडी स्तंभाची पाहणी अभियंत्यांनी दोरांवरून उतरत केली. दुरुस्तीसाठी मात्र पुढे संपूर्ण स्तंभाभोवती परांची उभी राहिली.

हे शेवटचं वाक्य दोरवाल्या कंत्राटदारांनी नीट वाचावं. स्वस्त पडतं म्हणून गिलावा फोडण्यापासून सगळं दोरावरच करू म्हणणारे परांचीच्या हट्टाग्रहींइतकेच चुकतात. पाहणी, काच सफाई, किरकोळ डागडुजी दोरावर शोभते. जड मालाचं, महिनोन्‌महिने चालणारं काम परांचीवरच व्हावं.

हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेल्या माणसाला लगेच खाली आणावं लागतं. ‘अग्निशमन दलाला फोन करू’ ही काही योजना नव्हे; सुटकेची तयारी कामाच्या जागीच हवी. मुंबईत तीस वर्षांपुढच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, त्यामुळे ही कामं निघतच राहणार. दुसरा दोर कुठे अडकवणार आणि अडकलेल्याला कोण उतरवणार, हे ज्याला सांगता येत नाही त्याचं दरपत्रक कितीही कमी असलं तरी समितीनं ते परत करावं.