दहा मिनिटे अंग टाका

भगिनींनो, सासूबाई अंथरुणाला खिळल्या की दर दोन तासांनी कूस पालटायची, चादर बदलायची, रात्री चारदा उठायचे. मग सकाळी धारेच्या वेळी एखादा वाकडा शब्द तोंडून जातो आणि दिवसभर तोच मनाला खातो. तुमची माया आटलेली नसते; शरीर ताणलेले असते.

दुपारी त्यांचा डोळा लागला की भांड्यांकडे वळू नका. पडवीत घोंगडी टाकून उताणे पडा. मुठी आवळा, पाचपर्यंत मोजा, सोडा. मग खांदे, मग जबडा. आपण दात आवळून वावरतो हे कळतही नाही! नंतर श्वास सावकाश घ्या, सोडताना त्याहून सावकाश. हे आपले शवासनच. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रोग्यांना ते शिकवले, आणि आलेला गुण १९६९ साली प्रसिद्ध केला. (गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.)

"कामे पडलीत नि ही झोपली," असे कुणी म्हणेलच. म्हणून तेवढा वेळ उशाशी कारभाऱ्यांना बसवा. त्यांचीच आई आहे. हाक मारली तर पाणी त्यांनाही देता येते.