दुसऱ्याची भीती, पहिल्याचा विसर

प्रोस्टेटच्या कर्करोगावर ‘शेक’, म्हणजे किरणोपचार, घेतला की आज ना उद्या दुसरा कॅन्सर होतोच, तेव्हा त्या फंदात पडू नये, असा सल्ला लोणावळा-पुणे लोकलमध्ये, तळेगावच्या कट्ट्यावर किंवा वडगावच्या बाजारात सत्तरीच्या माणसाला सहज मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण तो ऐकून एखाद्याने उपचार टाळला, तर किंमत जिवाने मोजावी लागते. म्हणून हे म्हणणे नीट तपासलेच पाहिजे.

त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करायला हवे. किरणे कर्कपेशींचा डीएनए तोडतात, तसा वाटेतल्या निरोगी पेशींचाही तोडतात. हिरोशिमा-नागासाकीच्या स्फोटांतून वाचलेल्यांमध्ये रक्ताचा कर्करोग काही वर्षांतच वाढला. इतर अवयवांच्या गाठी मात्र दहा वर्षे आणि त्याहून अधिक काळ लोटल्यावर दिसू लागल्या. प्रोस्टेटच्या वर मूत्राशय आणि मागे गुदाशय अगदी खेटून असतात. किरणे कितीही नेमकी सोडली, तरी या दोन्हींच्या लगतच्या भिंतींना थोडा मार बसतोच. त्यामुळे “काका, काही होत नाही, डोक्यातून काढून टाका,” असे म्हणून रुग्णाला वाटेला लावणेही चूकच. रुग्णाला धोका कळण्याचा हक्क आहे.

मात्र धोका आहे म्हणणे वेगळे आणि तो किती आहे हे सांगणे वेगळे. अमेरिकेतील कर्करोग नोंदींवरून डेव्हिड ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी २००० साली हा हिशेब मांडला. किरणोपचार घेतलेले ५१,५८४ पुरुष एका बाजूला आणि शस्त्रक्रिया झालेले ७०,५३९ दुसऱ्या बाजूला. दहा वर्षांहून अधिक जगलेल्यांमध्ये किरणोपचारामुळे दुसऱ्या कर्करोगाचा धोका शेकडा ३४ ने वाढलेला दिसला. हा आकडा ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येईल. पण त्याच अभ्यासाने त्याचा अर्थही दिला आहे: दहा वर्षे ओलांडलेल्या सुमारे ७० जणांमागे एक. सगळ्या रुग्णांचा विचार केला तर सुमारे २९० जणांमागे एक. मुळात लहान असलेली गोष्ट तिसऱ्या हिश्शाने वाढली तरी लहानच राहते, आणि घबराट पसरवणारे नेमके हेच सांगायचे सोडून देतात.

शिवाय ही तुलना तरी सरळ आहे का? शस्त्रक्रिया झेपेल असे वाटणारे, तुलनेने तरुण आणि धडधाकट रुग्ण ऑपरेशनकडे जातात. वय झालेले, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेले, वर्षानुवर्षे विडी ओढलेले किरणोपचाराकडे येतात. विडी-सिगारेट हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे एक मोठे कारण आहे. तेव्हा जादा दिसणाऱ्या गाठींपैकी किती किरणांच्या खात्यावर टाकायच्या आणि किती धुराच्या, हा प्रश्न उरतोच. २०१६ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या, २१ अभ्यास एकत्र करून पाहिलेल्या आढाव्यातही मूत्राशय, मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कर्करोगांत वाढ दिसली, फुप्फुस आणि रक्ताच्या कर्करोगांत दिसली नाही. म्हणजे किरणांचा वाटा आहे, पण तो जिथे किरणे पडली त्या परिसरापुरता.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहावे. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये ८७५ पुरुषांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. यातल्या बहुतेकांचा आजार ग्रंथीच्या आसपास पसरू लागलेला. निम्म्यांना फक्त हार्मोनचे उपचार, निम्म्यांना हार्मोन आणि किरणोपचार. दहा वर्षांत पहिल्या गटात प्रोस्टेटच्याच कर्करोगाने दगावण्याचे प्रमाण शेकडा २३.९, दुसऱ्यात ११.९. दर शंभरांत बारा माणसे वाचली. त्यासमोर सत्तरांत एक, तोही दशकभरानंतर, तोही वेळीच सापडला तर बरा होऊ शकणारा. ज्याचा आजार वाढीला लागलेला आहे, त्याने दुसऱ्या कर्करोगाच्या भीतीने शेक नाकारणे हा घातक सौदा आहे.

भीतीला न्याय्य जागा आहे ती वेगळीकडे. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत ग्रंथीपुरताच आजार असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट होते: शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नुसती देखरेख. २०२३ साली पंधरा वर्षांचा निकाल आला, तेव्हा तिन्ही गटांत मिळून शेकडा २.७ जणच या आजाराने गेले होते आणि गटागटांत म्हणावा असा फरक नव्हता. तेव्हा सौम्य, संथ आजार असलेल्याने “आत्ता उपचार हवेतच का?” असे डॉक्टरांना ठामपणे विचारावे. पन्नाशीतल्या रुग्णापुढे तर तीस-तीस वर्षे आहेत. त्याच्या निर्णयात दुसऱ्या कर्करोगाचा धोका धरलाच पाहिजे. पंचाहत्तरीच्या माणसाचा हिशेब निराळा.

तंत्रही जुने राहिलेले नाही. ब्रेनर यांच्या आकड्यांतले रुग्ण १९७३ ते १९९३ या काळातले. आता रोज आधी चित्र घेऊन, मूत्राशय भरलेले आणि गुदाशय रिकामे ठेवून, किरणे ग्रंथीच्या आकाराबरहुकूम वळवली जातात. एक्स्प्रेस वेवरून घाट उतरला की लागणाऱ्या खारघरच्या टाटा केंद्राचे या क्षेत्रातले काम जगभर वाचले जाते. ३७ खेपांऐवजी २० पुरतात हे सिद्ध झाले, आणि निवडक रुग्णांत पाचही पुरतात असे २०२४ साली ‘पेस-बी’ चाचणीने दाखवले. पवन मावळातून किंवा आंदर मावळातून रोज पुण्या-मुंबईला जाणाऱ्या घरासाठी ही केवढी सुटका आहे!

लोणावळ्यात आणखी एक पर्याय सुचवला जातो: किरणे नकोत, योग करा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथेच कैवल्यधाम उभारले ते योगाची प्रयोगशाळेत परीक्षा घेण्यासाठी. त्याच कसोटीवर बोलायचे, तर प्रोस्टेटचा किरणोपचार चालू असताना योग केल्यास थकवा कमी होतो, असे अमेरिकेतील एका छोट्या चाचणीत दिसले आहे. योगाने गाठ जाते असे दिसलेले नाही. योग शेकासोबत करावा, शेकाऐवजी नव्हे.

खरा घोळ होतो तो उपचार संपल्यानंतर. रक्तातला पीएसए चांगला आला की घर निश्चिंत होते. पण पीएसए फक्त प्रोस्टेटचे सांगतो. मूत्राशय किंवा गुदाशयातली गाठ त्यात दिसत नाही. लघवीत रक्त दिसले की उन्हाळी लागली म्हणून सब्जाचे पाणी प्यायचे, शौचाला रक्त पडले की मूळव्याध म्हणून मलम लावायचे, यात महिने जातात. बहुतेकदा ते रक्त शेकाने नाजूक झालेल्या अस्तराचे असते, हे खरे. पण ते तपासून ठरवायचे, अंदाजाने नाही. दुर्बिणीने तपासणाऱ्या डॉक्टरला पूर्वी शेक झाल्याचे आधी सांगावे, कारण शेक बसलेल्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा काढला तर जखम भरायला त्रास होतो, कधी भगेंद्रासारखे छिद्र पडते.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी उपचार संपताच किती मात्रा, किती खेपा, कोणत्या भागावर, हे लिहिलेला कागद रुग्णालयाकडून मागून घ्यावा आणि रेशनकार्डाइतका जपून ठेवावा. विडी सोडावी. आणि पाच, दहा, पंधरा वर्षांनीही रक्त दिसले, तर त्याच आठवड्यात तो कागद घेऊन डॉक्टर गाठावा.