जुना आलेख, नवी रेघ

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा १८५८ सालचा पाकळ्यांचा आलेख या अंकासाठी मूळ आकड्यांवरून संगणकावर पुन्हा काढला आहे. क्रिमियाच्या युद्धात जानेवारी १८५५मध्ये ब्रिटिश सैन्यातले २,७६१ जण टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले, जखमांनी ८३. पाकळ्यांच्या क्षेत्रफळातून ही तफावत थेट काळजाला भिडते. महिन्यामहिन्याचा चढउतार मात्र त्यात नजरेला नीट मोजता येत नाही. साध्या रेषालेखात तो लगेच कळतो: मार्चमध्ये सैन्याच्या रुग्णालयांची स्वच्छता सुधारण्यासाठी पाठवलेला आयोग पोहोचण्याआधीच, फेब्रुवारीत, रोगांनी होणारे मृत्यू २,१२०वर आले होते. दोन वर्षांची दोन वर्तुळे केल्याने ही उतरण मधेच तुटते. तरीही रोगांनी सैन्य संपवले हा त्यांचा मुद्दा अभेद्य आहे. नाइटिंगेल यांनी आकडेही छापले, म्हणूनच ही तपासणी शक्य झाली. वाचकहो, आलेख काढाल तेव्हा आकडे सोबत द्याच.